राउंडला निघताना यादी खिशात ठेव

प्रश्न : मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. चार महिन्यांपासून एका कारखान्यात ट्रेनी सेफ्टी ऑफिसर आहे. दर आठवड्याला साठ मुद्द्यांची चेकलिस्ट घेऊन शॉप फ्लोअरवर फिरते. मी दिसले की सगळे गॉगल चढवतात, पाठ वळली की काढतात. सुपरवायझर म्हणतात, ‘मॅडम, टिक मारा आणि मोकळ्या व्हा.’ यात करिअर आहे का? प्रॉडक्शनला बदली मागू, की एखादा मोठा सर्टिफिकेट कोर्स करू?

उत्तर : बदली एवढ्यात मागू नकोस. तुला कंटाळा आलाय तो टिका मारण्याचा, आणि तो यायलाच हवा. खरी तपासणी कशी करतात हे तुला अजून कुणी दाखवलेलंच दिसत नाही.

टिकांच्या पलीकडे न पाहिल्याने काय होतं, याचं एक उदाहरण माहीत असू दे. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर (समुद्रातल्या तरंगत्या फलाटावर) कंपन्यांचे बडे अधिकारी पाहणीला आले होते. सात वर्षांत कामाचा दिवस बुडेल असा एकही अपघात झाला नव्हता, त्याचं कौतुकही व्हायचं होतं. घसरणं, पडणं, हार्नेस (उंचीवर काम करताना बांधायचे पट्टे) हे सगळं त्यांनी बारकाईने पाहिलं. त्याच वेळी विहिरीच्या दाबाच्या चाचणीवरून ड्रिलरच्या केबिनमध्ये चर्चा रंगली होती, कारण आकडे जुळत नव्हते. पाहुणे तिथवर गेले आणि पुढे सरकले. रात्री स्फोट झाला, 11 जण गेले. ती माणसं बेफिकीर नव्हती. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच त्यांनी तपासलं.

आता तुझ्या आवाक्यातली गोष्ट घेऊ. वर्कशॉपमध्ये बेंच ग्राइंडर, म्हणजे धातू घासायचं फिरतं चाक, असेलच. यादीत असतं, ‘गार्ड (चाकावरचं संरक्षक झाकण) आहे का?’ आहे, टिक. पण चाक झिजत जातं तशी टूल रेस्ट (चाकासमोरचा टेकू) आणि चाक यांच्यातली फट वाढते. ती 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वाढली की जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, आत ओढला जातो, अडकतो आणि चाक फुटू शकतं. तेव्हा खाली वाकून फट बघ. मग ऑपरेटरला विचार, ‘रेस्ट पुढे घ्यायचा पाना कुठे असतो?’ टूलरूममध्ये, कुलपात, असं उत्तर आलं तर तुझा शेरा तिथे आहे. ‘फट जास्त’ एवढंच लिहिलंस तर कुणीतरी आज ती नीट करेल आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पाना मशिनजवळ टांगायला लावलास तर काम झालं.

गॉगलचंही तसंच. काढणाऱ्यांची नावं टिपत बसू नकोस, का काढतात ते विचार. काचेवर वाफ धरते? नंबरच्या चष्म्यावर बसत नाही? मुळात गॉगल हा बचावाचा शेवटचा उपाय. धोका काढून टाकता येतो का, कमी धोक्याची पद्धत आहे का, मशिनलाच आडोसा करता येतो का, हे आधीचे प्रश्न. आणि राउंडची वेळ बदल. ठरल्या वेळी गेलीस तर ठरलेलंच दिसणार. शिफ्ट बदलताना जा, मशीन जाम झाल्यावर किंवा साफसफाई चालू असताना जा. गार्ड काढलेले असतात ते तेव्हाच, आणि वीज खरोखर बंद करून कुलूप लावलंय की नुसतं बटण दाबलंय, हेही तेव्हाच कळतं.

सुपरवायझरशी भांडू नकोस, त्यांना राउंडला सोबत घे. कुठलं मशीन कसं वागतं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं (ते कबूलही कर, बिघडत काही नाही). पण न पाहिलेल्या मुद्द्यावर टिक मारू नकोस. ‘पाहिलं नाही’ असं लिही. खाली सही तुझी असते. समोर जिवावरचा धोका दिसला तर रिपोर्टची वाट बघायची नाही, काम तिथल्या तिथे थांबवायला लावायचं. बाकी प्रत्येक मुद्द्यापुढे कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहायचं. ‘पूर्ण झालं’ असा मेल आला तरी स्वतः जाऊन बघायचं. तोच शेरा तिसऱ्यांदा येत असेल तर प्रश्न कामगारापेक्षा वर कुठेतरी आहे, मॅनेजरच्या मीटिंगमध्ये तो तसाच मांड.

कोर्स वर्षभराने कर. आत्ता केलास तर पाठांतर होईल, तेव्हा केलास तर प्रत्येक धड्याला तुझ्याकडे एक मशीन असेल. तोवर एक वही ठेव : काय दिसलं, कारण काय निघालं, काय बदललं. पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये सांगण्यासारखं तेच असेल. पुढे प्रोसेस सेफ्टी (स्फोट, गळती असे मोठे अपघात टाळणं), फायर, इंडस्ट्रियल हायजीन (धूळ, आवाज, रसायनं यांपासून कामगारांचं आरोग्य जपणं), ऑडिट असे रस्ते फुटतात. त्यातला कुठला आवडतो हे या वहीवरूनच कळेल.

प्रॉडक्शनमध्ये काही महिने काम करून परत यायची संधी मिळाली, तर मात्र ती जरूर घे. टार्गेट अंगावर असताना गार्ड काढायचा मोह कसा होतो, हे क्लिपबोर्ड हातात धरून समजत नाही.