जनुक-संपादन: पहिला फरक पक्का करा

या विषयात नवीन आहात, तर आधी एक फरक पक्का करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून, क्रिस्पर या जनुक कापून बदलायच्या तंत्राने बदलून परत सोडल्या, तर बदल त्याच्यापुरताच राहतो; ब्रिटनने २०२३ मध्ये अशा उपचाराला मान्यता दिली. भ्रूणातला बदल मात्र पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो. त्यांची संमती कोण घेणार?

चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने जुळ्या मुलींच्या भ्रूणांत सीसीआर५ जनुकात, म्हणजे एचआयव्हीला पेशीत शिरायला मदत करणाऱ्या जनुकात, फेरफार केल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. वडिलांना एचआयव्ही होता. पण वीर्य धुऊन संसर्ग टाळायची पद्धत आधीपासून होतीच. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. म्हणून असा कुठलाही प्रयोग वाचलात की आधी विचारा, दुसरा मार्ग होता का? ‘डिझायनर बेबी’ची, म्हणजे हवे ते गुण निवडून घडवलेल्या मुलाची, चर्चा नंतर.