सिडनीच्या अंतिम सामन्याला गुण देताना

प्रिय,

तुझी गुणपत्रिका वाचली. २० ऑगस्ट २०२३, सिडनी, महिला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन १, इंग्लंड ०. प्रत्येकीला दहापैकी गुण आणि पुढे एक ओळ. मेहनत दिसते, म्हणूनच सविस्तर लिहितोय. एर्मोसो सोडली तर स्पेनच्या एकीलाही तू सातच्या खाली नेलं नाहीस, आणि गोलरक्षक अर्प्स सोडली तर इंग्लंडची एकही सातवर पोचली नाही. म्हणजे निकाल आधी ठरला आणि गुण त्याच्यामागून आले.

एकोणतिसाव्या मिनिटाचा गोल पुन्हा बघ, पण फटक्याच्या बराच आधीपासून. इंग्लंडची लुसी ब्रॉन्झ उजवी कड सोडून चेंडू घेऊन मध्ये घुसते, गराड्यात सापडते आणि चेंडू गमावते. तू तिला चार दिलेस ते इथेच. पण पुढे काय होतं? स्पेनची तेरेसा अबेलेइरा मान वर करून ब्रॉन्झची रिकामी पडलेली बाजू हेरते आणि लांब पास थेट तिकडे काढते. मारिओना काल्देन्ते चेंडू घेऊन थांबते, घाई करत नाही, बाहेरून धावत येणाऱ्या ओल्गा कार्मोनाची वाट बघते. मग कार्मोनाचा डाव्या पायाचा जमिनीलगतचा फटका, लांबच्या कोपऱ्यात. चेंडू गमावणं ही ब्रॉन्झची चूक खरीच. पण चेंडू सामन्यात शेकडो वेळा हरवतो, त्याचा गोल क्वचित होतो. तो इथे झाला, कारण अबेलेइराला जागा दिसली. तिच्यापुढे तू लिहिलंयस, ‘ठीकठाक, सात’. मी तिला साडेआठ देईन.

कार्मोनाचे नऊ मान्य. मात्र तुझ्या ओळीत तिच्या वडिलांच्या निधनाचा उल्लेख आहे. ती बातमी तिला सामना संपल्यावर कळली. वाचून माझाही गळा दाटला होता, पण गुणांत ती येऊ देऊ नकोस. तिने नऊ मैदानावर कमावलेत. तेच स्पेनची गोलरक्षक काता कोल हिचं. ही मुलगी याच स्पर्धेच्या बाद फेरीत पहिल्यांदा स्पेनच्या मुख्य संघातून खेळली, म्हणून तू तिला अर्धा गुण वाढवून दिलास. त्याची गरजच नाही. इंग्लंडच्या लॉरेन जेम्सचा जोरदार फटका तिने क्रॉसबारवरून, म्हणजे गोलच्या आडव्या दांडीवरून, बाहेर काढला, तेवढ्यावर तो अर्धा गुण तिचा आहे.

जेनी एर्मोसोला पाच? पेनल्टी हुकली म्हणून? मेरी अर्प्सने तो फटका नुसता अडवला नाही, पकडला, चेंडू परत उसळूसुद्धा दिला नाही. त्याचं श्रेय अर्प्सला भरभरून दे. एर्मोसोचा एक गुण काप, फार तर दीड. बाकीचा सगळा वेळ ती इंग्लंडच्या मधल्या फळीत मोकळी होत राहिली, सहकारी बोनमातीला साथ देत राहिली, ते एका फटक्याने पुसलं जात नाही.

इंग्लंडच्या रूसो आणि डेली यांना ‘अपयशी’ म्हणताना जरा थांब. मध्यंतराला दोघींना बाहेर घेऊन प्रशिक्षक सरिना विगमनने जेम्स आणि केलीला उतरवलं आणि तिघींची बचावफळी मोडून चौघींची केली. मुळात आखणीच बदलली. रूसोपर्यंत पहिल्या अर्ध्यात चेंडू किती वेळा पोचला, ते मोज आणि मग ठरव. जिच्याकडे चेंडूच येत नाही, तिचं धावणं बघावं लागतं. बचावपटूंना ती कुठे ओढून नेते, सोबतच्या हेम्पला जागा करून देते का. हेम्पचा तो क्रॉसबारला लागलेला फटका बोटभर खाली असता, तर तुझ्या यादीतले निम्मे गुण बदलले असते. हे तुलाही माहीत आहे.

यापुढे सामना दोनदा बघत जा. पहिल्यांदा मन लावून, आरडाओरडा करत. दुसऱ्यांदा एकीला निवड आणि चेंडू कुठेही असो, नजर तिच्यावरच ठेव. एका बैठकीत एकच खेळाडू. वेळ लागेल, लागू दे.

एक प्रश्न मात्र माझ्याही मनात उघडा आहे. ती पेनल्टी कीरा वॉल्शच्या हाताला चेंडू लागला म्हणून मिळाली. पंचांनी पडद्यावर पुन्हा पाहून निर्णय दिला. पेनल्टी वाया गेली. मग वॉल्शचे किती गुण कापायचे? माझा कल अर्ध्याकडे आहे. तू दोन कापलेस. का कापलेस, ते मला लिहून कळव.

तुझा,
काका