ऑनलाइन कोर्सांच्या मालिकेचं प्रमाणपत्र हवं असेल तर शेवटची परीक्षा आधी बघा

तुमचे प्रश्न मला असे कळले: एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या सप्लाय चेन (मालाच्या पुरवठ्याची साखळी) मायक्रोमास्टर्समधला, म्हणजे मास्टर्सच्या पातळीच्या ऑनलाइन कोर्सांच्या मालिकेतला, पहिला कोर्स तुम्ही ऑडिटमध्ये, म्हणजे फुकटात, पाहून संपवलाय. आता पूर्ण मालिकेचं प्रमाणपत्र हवंय. तर झालेला कोर्स धरतील का, बाकीचे हवे त्या क्रमाने केले तर चालतील का आणि शेवटी मास्टर्सला प्रवेश मिळतो का?

पहिल्याचं उत्तर नको वाटेल, पण ते आधी ऐका. ऑडिटमध्ये पाहिलेला कोर्स प्रमाणपत्रासाठी मोजत नाहीत. फी भरून ‘व्हेरिफाइड’ व्हायला एक शेवटची तारीख असते. ती उलटली असेल तर पुढच्या सत्रात फी भरून कोर्स परत करायचा, गुणांकनाचे गृहपाठ आणि परीक्षा देऊन. तुमची मेहनत मात्र वाया जात नाही, दुसऱ्या फेरीत व्याख्यानं भराभर संपतात आणि सगळा वेळ गणितांना देता येतो. एका अर्थी आधी फुकटात पाहून तुम्ही शहाणपणाच केलात. हार्वर्ड आणि एमआयटीने एडेक्स या ऑनलाइन कोर्सांच्या मंचावरच्या आपल्या पहिल्या 17 कोर्सांचा 2012-13 चा हिशेब जाहीर केला होता. नोंदण्या 8,41,687, प्रमाणपत्रं 43,196, आणि जवळजवळ 2,93,000 नोंदण्या अशा की त्यांनी कोर्सचं साहित्य उघडलंच नाही. म्हणून पूर्ण मालिकेचे पैसे एकदम भरायची घाई कोणी करू नये, सवलत कितीही दिसो. एक कोर्स फी भरून पार पडू दे, मग बाकीचं बघा.

आता क्रम. माझं सगळं सांगणं याच मुद्द्यावर आहे. अशा मालिकेचं खरं मोल तिच्या शेवटच्या टप्प्यात असतं. तुमच्या मालिकेत एससी-झिरो-एक्स ते एससी-फोर-एक्स असे पाच कोर्स आहेत आणि त्यानंतर सीएफएक्स ही सर्वसमावेशक परीक्षा. पाचही कोर्स व्हेरिफाइड पास झाल्याशिवाय तिला बसता येत नाही, आणि ती पाचही कोर्सांवर प्रश्न विचारते. पहिल्या कोर्समधली संभाव्यता आणि ऑप्टिमायझेशन (सगळ्यात चांगला पर्याय गणिताने काढणं) तुम्ही सीएफएक्सच्या दिवशी विसरला असाल तर ते चौथ्या कोर्सच्या अभ्यासाने भरून निघत नाही. म्हणून सुरुवातीलाच सीएफएक्सचं माहितीपान वाचा, तिच्या तारखा बघा आणि तिथून उलट मोजत या. हे कोर्स बारा महिने चालू नसतात, ठरावीक तारखांना सुरू होतात. एक चुकला की पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं आणि सीएफएक्सही तेवढी लांबते.

क्रम का पाळायचा ते एका गणितावर दाखवतो. एससी-वन-एक्समध्ये साठ्याचं गणित येतं: एका वेळी किती नग मागवायचे. वर्षाची मागणी 12,000 नग, एकदा ऑर्डर देण्याचा खर्च 500, एक नग वर्षभर साठवण्याचा खर्च 12. सूत्राप्रमाणे 2 गुणिले 500 गुणिले 12,000, भागिले 12, आणि आलेल्याचं वर्गमूळ. उत्तर 1,000. आता साठवणुकीचा खर्च महिन्याला 1 असा दिलाय आणि मागणी वर्षाचीच आहे, असं समजा. एकक न बदलता तसंच मांडलं तर उत्तर 3,464 येतं, म्हणजे साडेतीनपट माल. सूत्र पाठ असणारेही इथे अडकतात. पहिल्या कोर्समध्ये रकान्यांवर एककं लिहायची सवय लागली असेल तर हे हातून होत नाही, आणि पुढे डिझाइनच्या कोर्समध्ये असे दहा आकडे एकत्र येतात. मालिकेबाहेरचा सुटा कोर्स हे शिकवत नाही. मालिका घ्यायचं खरं कारण मला तरी हेच वाटतं.

तुम्ही दुसरीकडेही बघत असाल तर: कोर्सेरा या दुसऱ्या ऑनलाइन मंचाचं स्पेशलायझेशन, म्हणजे तिथली कोर्सांची मालिका, याच जातीचं, पण तिथे बहुधा महिन्याची वर्गणी असते आणि शेवटी प्रकल्प असतो. वर्गणी असली की लवकर संपवायचा मोह होतो, म्हणून प्रकल्पाला मोकळा महिना ठेवा, सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. आर्थिक मदतीची सोय दोन्हीकडे आहे. अर्ज करावा लागतो, उत्तराला दिवस लागतात, तेव्हा फीच्या आदल्या दिवशी अर्ज करू नका.

मास्टर्सचं. एमआयटीने मायक्रोमास्टर्स 2015 साली जाहीर केलं ते सप्लाय चेननेच. हे प्रमाणपत्र मिळालेल्यांना एमआयटीच्या ब्लेंडेड मास्टर्ससाठी अर्ज करता येतो. निवड झाली तर कॅम्पसवर जानेवारी ते मे एवढाच काळ जावं लागतं, बाकीचं काम ऑनलाइन कोर्सांनी झालेलं असतं. प्रवेशाची खात्री नाही, अर्जाची स्पर्धा तशीच असते. इतर काही विद्यापीठंही हे प्रमाणपत्र क्रेडिट म्हणून, म्हणजे त्यांच्या डिग्रीतला झालेला अभ्यास म्हणून, धरतात, पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, आणि त्या बदलतात. जिथे जायचंय त्या विद्यापीठाला आत्ताच लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

जपून ठेवण्यावरून एक गोष्ट मनापासून सांगतो. एडेक्स 2021 मध्ये टू-यू या कंपनीला 80 कोटी डॉलरला विकलं गेलं. 2022 मध्ये एमआयटीने एमआयटीएक्स ऑनलाइन हा स्वतःचा मंच सुरू केला आणि अर्थशास्त्राची डीईडीपी ही मायक्रोमास्टर्स मालिका तिकडे गेली. मालिका संपायला काळ लागतो, तेवढ्यात मंच बदलू शकतो. प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिवशी पीडीएफ करून घ्या, अभ्यासक्रमाचं पानही घ्या आणि गुणांच्या पानाचं चित्र काढा. नोकरीला किंवा विद्यापीठात कोणी ‘काय शिकलात’ विचारलं की नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा अभ्यासक्रमाचं पान जास्त बोलतं.

आणि फी भरण्याआधी खात्यातलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. पडताळणी कॅमेऱ्यावर चेहरा आणि ओळखपत्र दाखवून होते. फरक असला तर ती ऐन परीक्षेआधी अडते, आणि पाचही प्रमाणपत्रांवर एकच नाव असावं हे तुम्हालाही बरं.