ग्लोबल व्हेरिएबलनं काम भागत असताना प्रोसिजरला डेटा कशाला पाठवायचा?

तुम्ही विचारलंय की डिप्लोमाला पायथॉन शिकताय, प्रोसिजर कळली, पण कंसात पॅरामीटर घालून डेटा पाठवायची गरज कळत नाही; सगळे आकडे ग्लोबल व्हेरिएबल म्हणून, म्हणजे सगळ्या प्रोसिजरना दिसतील असे, फाइलच्या वरच ठेवले तरी उत्तर बरोबर येतं. येतं, मान्य. प्रोग्राम एका पानाचा आणि लिहिणारा एकटाच असेपर्यंत येतं.

मला याचं उत्तर बेळगावात, उद्यमबागेतल्या व्हीएमसी मशीनवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या ड्रिलिंग-मिलिंगच्या मशीनवर मिळालं. फाउंड्रीतून आलेल्या पंपाच्या कास्टिंगला फ्लँजवर, म्हणजे जोडणीच्या चपट्या कडेवर, गोलात भोकं मारायची होती. जॉब दोन साइजचे, एकाला आठ भोकं, दुसऱ्याला सहा. तेच तेच लिहायला नको म्हणून मी सबप्रोग्राम केला. एम ९८ या कोडनं तो बोलवायचा, एम ९९ आलं की मशीन मूळ प्रोग्रामवर परत. तुमची प्रोसिजर ती हीच. त्रिज्या आणि भोकांची संख्या मी हॅश १०० आणि हॅश १०१ या मशीनच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती, तीही स्क्रीनवर हातानं भरून. आमच्या मशीनवरच्या फानुक कंपनीच्या कंट्रोलवर शंभरपासूनचे हे व्हेरिएबल कॉमन असतात: कुठल्याही प्रोग्रामला दिसतात, कुठलाही प्रोग्राम ते बदलू शकतो. तुमच्या ग्लोबलसारखेच.

रात्रपाळीत दुसऱ्या जॉबच्या प्रोग्रामनं हॅश १०० मध्ये स्वतःचा आकडा घातला. मशीन बंद केलं असतं तर तो सहसा पुसला जातो, पण मशीन चालूच होतं. सकाळी मी सायकल स्टार्ट दाबलं. माझ्या सबप्रोग्राममधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरी पहिलं भोक ६० ऐवजी ४५ च्या त्रिज्येवर पडलं. मशीन थांबवायचं फीड होल्ड बटण दाबेपर्यंत ड्रिल आत गेलं होतं. कास्टिंग स्क्रॅप.

आमचे सेटर अण्णा शांतपणे म्हणाले, "शंभराच्या वरचे नंबर सगळ्यांचे असतात रे. तुझे आकडे तू जी ६५ च्या ओळीत लिही की." जी ६५ सुद्धा प्रोग्रामच बोलावतो, पण त्याच ओळीत किमती देता येतात. ए ला दिलेली किंमत आतल्या प्रोग्रामला हॅश १ मध्ये मिळते, बी ला दिलेली हॅश २ मध्ये. हे हॅश त्या बोलावण्यापुरतेच. एम ९९ झालं की संपले, आणि बाहेरच्या प्रोग्रामचा हॅश १ होता तसाच राहतो. त्या दिवसापासून ओळ वाचली की समजायचं: ही भोकं ६० च्या त्रिज्येवर, आठ. दुसऱ्या कुठल्या स्क्रीनवर जाऊन बघायला नको.

पायथॉनमध्ये हेच म्हणजे डेफ भोकं_मार(त्रिज्या, संख्या) असं एकदा लिहायचं आणि मग भोकं_मार(६०, ८) असं बोलवायचं. (पायथॉन ३ मध्ये नावं खरोखर देवनागरीत चालतात, डेफसारखे शब्द आणि आकडे मात्र रोमनच टाइप करावे लागतात.) व्याख्येत लिहिलेलं त्रिज्या हे नाव म्हणजे पॅरामीटर, बोलवताना दिलेले ६० म्हणजे आर्ग्युमेंट. क्रम उलटा झाला तर ८ च्या त्रिज्येवर ६० भोकं मारली जातील आणि पायथॉन तक्रार करणार नाही. म्हणून नाव घेऊन द्या: भोकं_मार(संख्या=८, त्रिज्या=६०). मग क्रम कसाही चालतो.

आता एक जागा अशी आहे जिथं पॅरामीटर वापरूनही माणूस फसतो. आमच्या घरची रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात जातात. पोत्यांच्या वजनांची लिस्ट करून मी एक प्रोसिजर लिहिली, प्रत्येक पोत्यातून बारदानाचं एक किलो वजा करणारी. ती एकदा विक्रीच्या पट्टीच्या हिशेबाला बोलावली, पुढे गाडीभाड्याच्या हिशेबाला पुन्हा. वडिलांनी वहीतली बेरीज लावून पाहिली तर गाडीभाड्याच्या हिशेबात १२ पोत्यांमागे १२ किलो कमी. बारदान दोनदा कापलं गेलं होतं.

कारण असं की पायथॉन लिस्टची नक्कल पाठवत नाही. आतलं नाव आणि बाहेरचं नाव, दोन्ही त्याच एका लिस्टला लागलेली असतात. आत तिच्यातला एखादा आकडा बदलला की बाहेरही बदललेला दिसतो. नुसती संख्या पाठवली आणि आत त्या नावाला दुसरी किंमत दिली, तर बाहेर काही हलत नाही. सी शिकाल तेव्हा साध्या व्हेरिएबलची किंमत नक्कल होऊन जाते आणि मूळ बदलायचं असेल तर पत्ता पाठवावा लागतो, एवढं तेव्हा आठवा. मी शेवटी आत नवी लिस्ट बांधली आणि ती रिटर्न केली. मूळ वजनं जशीच्या तशी राहिली, कितीही वेळा बोलवा.

तुमच्या आत्ताच्या प्रोग्रामवर हे करून बघा. वरचे सगळे ग्लोबल आकडे उचलून एका मुख्य नावाच्या प्रोसिजरमध्ये टाका, बाकीच्या प्रोसिजर तिथूनच बोलवा, फाइलच्या शेवटी ती मुख्य प्रोसिजर बोलवा आणि प्रोग्राम चालवा. नेमएरर येईल, म्हणजे हे नाव सापडत नाही अशी तक्रार. तो ज्या नावावर अडेल, ते नाव त्या प्रोसिजरच्या कंसात लिहा, बोलवताना किंमत द्या, पुन्हा चालवा. एरर यायची थांबेपर्यंत असंच करत राहा.