उणे रकमेत स्वल्पविराम कुठून येतो?

प्रश्न : गुळाच्या अडत दुकानासाठी पायथन या संगणकभाषेत पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशेब) छापणारा प्रोग्राम केला आहे. पायथनचा तयार स्वल्पविराम १२५,४३० असा हजारांत पडतो, म्हणून लाख-कोटीसाठी स्वतःचे फंक्शन लिहिले. शेतकऱ्याची उचल जास्त झाली की बाकी कधी ‘-,४५०’ छापते, कधी बरोबर. एकदा २२.३ किलो गुळाचे, ३,८५२ रुपये क्विंटल दराने, ‘८५८.१००’ आले. पाच पैसे असले की नुसते ‘.५’. चूक कुठे?
— एक वाचक, मार्केट यार्ड, कोल्हापूर

उत्तर : चुका तीन आहेत. उण्याची चूक ‘कधी कधी’ वाटते, पण ती नेमकी तीन, पाच, सात अंकी रकमेतच येते. तुम्ही शेवटची तीन अक्षरे काढून उरलेल्यांचे दोन-दोनचे गट पाडता, तेव्हा उणे चिन्हही अक्षर म्हणून मोजले जाते. -४५० मध्ये ते एकटे उरते आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम बसतो. -१४५० मध्ये त्याला १ ची सोबत मिळते, म्हणून चूक झाकली जाते.

८५८.१०० चे कारण वेगळे. खरी रक्कम ८५८.९९६. रुपये आधी तोडले, मग ९९.६ पैशांचे १०० केले. हातचा रुपयांत गेलाच नाही. म्हणून आधी पूर्ण रकमेचे पैसे करा, तिथेच एकदा पूर्णांक करा (८५,९००), मग १०० ने भागा. वजन आणि दर डेसिमलमध्ये (पायथनचा दशांश अचूक ठेवणारा प्रकार) घ्या, तेही स्ट्रिंगमधून, म्हणजे अवतरणातल्या मजकुरातून, आणि ‘राउंड हाफ अप’, म्हणजे अर्धा आला की वर, असे सांगा. पायथनचा साधा राउंड २.५ चे २ करतो. हिशेबाच्या वहीत ते कुणी मान्य करणार नाही.

चिन्ह वेगळे ठेवा आणि भागाकार चिन्ह काढलेल्या आकड्याचाच करा. नाहीतर -४५०.२५ चे ‘-४५१.७५’ होईल, कारण पायथनचा पूर्णांक भागाकार खालच्या बाजूला जातो. ही चूक जास्त वाईट: छापलेला आकडा दिसायला अगदी नीटनेटका असतो.

तिसरी चूक ‘.५’ ची: पैसे दोन अंकी करायला झेडफिल (डावीकडे शून्य भरणारी पायथनची सोय) पुरे.

गट पाडून झाल्यावर शेवटी चिन्ह जोडा, पण ते पैशांच्या पूर्णांकावरून ठरवा, मूळ रकमेवरून नाही. नाहीतर -०.००४ ला ‘-०.००’ छापून आले तर शेतकरी विचारणारच, हे देणे कसले.