गोव्यात पहिली लाइव्ह टूर्नामेंट: चिप्स सांभाळा आणि वेळेत बोला

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून खेळ सुटला होता, आता मित्रांबरोबर गोव्यात पहिल्यांदाच लाइव्ह टूर्नामेंट खेळणार आहात, तर तिथे आपल्या चिप्स आणि पत्ते कसे राखायचे, आणि वाद झालाच तर दाद कशी मागायची. मी पुण्याहून गेली आठ वर्षं जातोय. जे पाहिलं आणि सोसलं त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

ऑनलाइन खेळताना तुमची राखण सॉफ्टवेअर करत होतं. पाळी नसताना बटण दाबता येत नव्हतं, पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, किती हे समोर दिसायचं, कुणाचा हात, म्हणजे कुणाचे पत्ते, जिंकला हे यंत्र ठरवायचं आणि चिप्स आपोआप तुमच्याकडे यायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्यानंतर मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटींवर तुमच्यासारखे बरेच जण भेटतात. गणित त्यांचं माझ्याहून पक्कं असतं. पण डीलरने पत्ते ओढून नेले, पॉट कमी मिळाला, समोरच्याने रक्कम फिरवली, की ते गप्प बसतात. यंत्राचं ते काम आता आपलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माझ्या दुसऱ्याच टूर्नामेंटमधली गोष्ट. एक नंबरची सीट, म्हणजे डीलरच्या अगदी डाव्या हाताला. ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी पत्ते येण्याआधीच लावायच्या सक्तीच्या रकमा, ४००-८००. मला राण्यांची जोडी आली, मी रेझ करून, म्हणजे रक्कम वाढवून, २,००० केले, सगळ्यांनी फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकले, आणि एकट्या बिग ब्लाइंडने, म्हणजे ८०० लावलेल्याने, कॉल केलं, म्हणजे माझ्याएवढी रक्कम लावली. मी पत्ते खाली ठेवून चिप्स खालीवर करत बसलो होतो. डीलरने फोल्ड झालेले पत्ते गोळा करायला हात फिरवला, त्या फेऱ्यात माझेही दोन पत्ते आले. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत ते ढिगात मिसळले होते. फ्लोअर, म्हणजे टेबलांवर देखरेख करणारे अधिकारी, आले, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हात मेला, २,००० पॉटमध्येच राहतील. चूक डीलरची होती, हे त्यांनीही मान्य केलं. पण नियम तसाच आहे: पत्त्यांचं रक्षण खेळाडूने करायचं. डीलरने चुकून पत्ते उचलले आणि ते शंभर टक्के ओळखता आले नाहीत, तर भरपाई नाही. तुमच्या रेझला अजून कुणी कॉल केलेलं नसेल, तर न जुळलेली रक्कम तेवढी परत मिळते. माझ्या रेझला कॉल झाला होता, म्हणून तेही नाही.

त्या दिवसापासून पत्त्यांवर काहीतरी जड ठेवल्याशिवाय मी हात बाजूला घेत नाही. आजोबांच्या डब्यात सापडलेली तांब्याची शिवराई असते माझ्याकडे. २००४ चा विश्वविजेता ग्रेग रेमर पत्त्यांवर जीवाश्म ठेवायचा, त्यावरून त्याला ‘फॉसिलमॅन’ हे नाव पडलं. तुम्ही एखादी चिप ठेवलीत तरी चालेल. डीलरच्या लगतच्या दोन्ही सीटवर, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या, हा धोका सर्वांत जास्त.

शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवतानाही, हेच. पॉट तुमच्यासमोर सरकेपर्यंत पत्ते सोडायचे नाहीत. समोरचा ‘फ्लश’ (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) म्हणाला म्हणून तुम्ही पत्ते फेकलेत आणि नंतर त्याच्याकडे चारच इस्पिक निघाले, तर काही करता येत नाही. बोललेलं ग्राह्य नाही, पत्तेच बोलतात. म्हणून दोन्ही पत्ते उघडे करून टेबलावर ठेवा. एकच दाखवून दुसरा लपवू नका. उघडा ठेवलेला आणि स्पष्ट जिंकणारा हात डीलरला मारता येत नाही, ही तुमची सर्वांत मोठी ढाल.

चिप्सबद्दल. बसल्याबरोबर, पहिला पत्ता येण्याआधी स्टॅक, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स, मोजा. वीस-वीसचे सरळ मनोरे करा, मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा. हे नीटनेटकेपणासाठी नाही. तुमच्यासमोर किती आहे हे समोरच्याला दिसलं पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. आणि तुम्हाला स्वतःचा आकडा पाठ असला पाहिजे, कारण ऑल-इन होऊन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, जिंकलात की डीलर त्याच आकड्यावर तुम्हाला दुप्पट देणार. मी ऑल-इन म्हणण्याआधी मनात आकडा म्हणतो. डीलर पाच-पाचच्या थप्प्या कापतो तेव्हा त्याच्या बोटांकडे बघतो. दमलेला डीलर एक थप्पी कमी कापतो, त्यात कुणाचा हेतू वाईट नसतो. पण तुम्ही बघत नसाल तर ती थप्पी गेली.

टेबल बदलताना चिप्स ट्रेमध्ये, उघड्या, दोन्ही हातांत. खिशात एकही नाही, गंमत म्हणूनही नाही. नजरेआड गेलेल्या चिप्स जप्त होऊ शकतात आणि तुम्हाला बाहेर काढलं जाऊ शकतं. हा नियम इतका कडक का, हे जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कसिनोत दिसलं. तिथे एका खेळाडूने बनावट चिप्स खेळात घुसवल्या, २७ खेळाडू उरलेले असताना टूर्नामेंट थांबवावी लागली. त्याने उरलेल्या बनावट चिप्स जवळच्या हॉटेलच्या संडासात टाकल्या, सांडपाण्याचे पाइप तुंबले आणि प्रकरण उघड झालं. पुढे तो तुरुंगात गेला.

आता वादाकडे येतो, कारण बहुतेक जण इथेच हरतात, आणि हरतात ते भिडेपोटी. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. टेबलावर नऊ अनोळखी माणसं, डीलर घाईत, समोरचा आवाज चढवून बोलतोय, अशा वेळी ‘जाऊ दे, हजारच तर आहेत’ असं मनात येतं. मलाही यायचं. पण वाद उकरायला मुदत असते, आणि ती फार छोटी असते. उघड्या हाताचं वाचन चुकलं असेल, तर पुढचा हात सुरू होईपर्यंतच बोलता येतं, आणि पुढचा हात सुरू होतो डीलरच्या पहिल्या पिसण्याबरोबर, किंवा पिसायचं यंत्र असेल तर त्याचं बटण दाबताच. पॉटची रक्कम मोजण्यात चूक असेल, तर पुढच्या हातात पुरेशी ॲक्शन, म्हणजे खेळाडूंच्या पुरेशा चाली, होईपर्यंत. मधल्या सुट्टीच्या तोंडावर हात संपला, तर पॉट दिल्यापासून एक मिनिट. हे पोकर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे, म्हणजे टीडीएचे नियम. ही संघटना २००१ मध्ये सुरू झाली आणि जगभर बहुतेक टूर्नामेंट तिच्या नियमांवर चालतात. तरी तुमच्या टूर्नामेंटचे स्वतःचे काही नियम असू शकतात, नोंदणीच्या टेबलावरच विचारून घ्या.

म्हणून चूक दिसली की पहिला शब्द ‘थांबा’, दुसरा ‘फ्लोअर’. एवढंच. डीलरशी हुज्जत नको, शेजाऱ्याशी चर्चा नको. फ्लोअर येईपर्यंत पॉटमधल्या चिप्सना कुणी हात लावायचा नाही, तुम्ही तर नाहीच, आणि तुमचे पत्ते तुमच्याच पंजाखाली. फ्लोअर आले की आधी डीलर सांगेल, त्याला मध्ये तोडू नका. मग तुमची पाळी. ब्लाइंड किती, कुणी काय म्हटलं, किती चिप्स पुढे गेल्या, कोणत्या क्रमाने, एवढंच सांगा. समोरचा लबाड आहे, मागच्या तासाभरात त्याने काय काय केलं, हे सांगायला लागलात की मूळ मुद्दा हरवतो. हात चालू असेल तर तुमच्याकडे काय पत्ते आहेत तेही बोलू नका. आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. एकदा खोटं सापडलं की त्या खोलीत तुमचा शब्द कायमचा जातो. गोव्यात फ्लोअरवरची माणसं वर्षानुवर्षं तीच असतात आणि त्यांच्या सगळं लक्षात राहतं.

निर्णय पटला नाही, तर टूर्नामेंट डायरेक्टरला बोलवायची विनंती करता येते, नम्रपणे आणि लगेच. वर कॅमेरे असतात, पण प्रत्येक वादासाठी चित्रीकरण काढून बघत नाहीत. डायरेक्टरने सांगितलं की विषय संपला. टीडीएचा पहिलाच नियम सांगतो की खेळाचं हित आणि न्याय सर्वांत वर, आणि विचित्र प्रसंगी कागदी नियमापेक्षा सारासार विचार वरचढ ठरू शकतो. तो वापरायचा अधिकार त्यांचा.

पहिल्या दिवशी वाद होतील ते बहुतेक बोलण्यावरून. ब्लाइंड २००-४०० असताना कुणी नुसतं ‘पाच’ म्हटलं, तर पाचशे की पाच हजार? अशा ठिकाणी बेटच्या आधीच्या पॉटपेक्षा जास्त न होणारी सर्वांत मोठी वाजवी रक्कम धरतात. पॉट ५,००० किंवा त्याहून जास्त असेल तर पाच हजार, कमी असेल तर पाचशे. तसंच ब्लाइंड ५००-१,००० असताना, पत्ते वाटल्यावरच्या पहिल्या फेरीत, गप्प राहून ५,००० ची एकच चिप पुढे टाकलीत तर तो नुसता कॉल धरला जातो, रेझ नाही. म्हणून पूर्ण आकडा मोठ्याने म्हणा, चिप नंतर टाका. बोटीवर आवाज खूप असतो, संगीत असतं. मी ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यावरून झालेले दोन वाद डोळ्यांनी पाहिलेत.

आणि समोरचा ऑल-इन गेला, तर कॉल म्हणण्याआधी डीलरला मोजायला सांगा आणि स्वतः पाहा. कुणी चुकीचा आकडा सांगितला आणि तुम्ही त्यावर कॉल म्हणालात, तरी खरी रक्कम तुम्ही मान्य केली असंच धरतात. मागे लपलेली मोठी चिप नंतर निघाली, तर ती धरायची की नाही हे डायरेक्टर ठरवतात. त्या निर्णयावर आपली टूर्नामेंट अवलंबून का ठेवायची?

दुसऱ्याच्या हातासाठी कधी बोलायचं, हेही मला मोलाचं वाटतं. कोल्हापूरकडचे एक काका आमच्या टेबलावर होते, साठीच्या पुढचे, पहिलीच टूर्नामेंट. रिव्हरनंतर, म्हणजे टेबलावरचा पाचवा सामायिक पत्ता आल्यावर, त्यांनी दोन्ही पत्ते उघडे ठेवले. बोर्डवर, म्हणजे त्या सामायिक पत्त्यांत, ५, ६, ७, ९ आणि त्यांच्याकडे एक्का आणि आठी. ते बिचारे आपली एक्क्यांची जोडी हरली असं समजले होते, कारण समोरच्याने तीन सत्ते दाखवले होते. बोर्डवर एक्का होताच, त्यामुळे त्यांची नजर जोडीवरच अडकली होती, आणि डीलरही पॉट समोरच्याकडे सरकवायला लागला. मी त्या हातात खेळत नव्हतो. मी ‘थांबा, स्ट्रेट आहे’ म्हणालो, म्हणजे ५ ते ९ असे ओळीचे पाच पत्ते, तीन सत्त्यांहून वरचढ. पत्ते उघडे असतील आणि वाचनात चूक होत असेल, तर टेबलावरच्या कुणीही बोलावं, हातात असो वा नसो. पॉट काकांना मिळाला. पण त्यांनी पत्ते उपडे ठेवून फेकायला घेतले असते, तर मला एक शब्दही बोलता आला नसता. चालू हात ज्याचा त्याने एकट्याने खेळायचा असतो.

यावरूनच एक सांगतो. तुम्ही मित्र एकाच टेबलावर आलात, तर हात चालू असताना मराठीत एक अक्षर बोलू नका. ‘काय रे, चहा घेणार का’ एवढं विचारलंत तरी बाकीच्यांना ते कळत नाही, आणि त्यांनी संशय घेतला तर ते चूक नाहीत. टेबलाची भाषा जी जाहीर केली असेल तीच. मला आणि माझ्या एका मित्राला यावरून ताकीद मिळाली आहे, आणि ती योग्य होती.

दिवस संपला की चिप्स पिशवीत भरायच्या असतात. रात्रीचे दोन वाजलेले असतात, सगळ्यांना परतीची फेरीबोट पकडायची असते. तरीही किमतीप्रमाणे वेगळ्या करून दोनदा मोजा. पिशवीवरचा आणि स्लिपवरचा आकडा एकच आहे ना, अक्षर वाचता येतंय ना, हे बघूनच सही करा. माझं ‘१’ कुणाला ‘७’ वाटतं म्हणून मी आकडा अक्षरीही लिहितो. पिशवी चिकटवल्यावर फोनवर एक फोटो काढा, स्लिपची प्रत पाकिटात ठेवा. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी जाऊन बसा, पिशवी डीलरसमोरच फोडा, आणि पहिला पत्ता येण्याआधी पुन्हा मोजा.