थेम्सवरचा हिवाळा आणि अरुंद होडी

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, वय 34. नोकरीनिमित्त इंग्लंडात रेडिंगला राहते. सप्टेंबरात इथल्या एका क्लबात शर्यतीची कयाक, म्हणजे दुतोंडी वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, शिकायला लागले. रुंद होडीत आता निर्धास्त बसते, पण अरुंद के-वनमध्ये, म्हणजे एकटीने चालवायच्या शर्यतीच्या कयाकमध्ये, दहा मिनिटांत एकदा तरी उलटतेच. क्लबातली मंडळी ईस्टरच्या डिव्हायझेस-वेस्टमिन्स्टर या लांब पल्ल्याच्या होडी-शर्यतीसाठी हिवाळाभर सराव करणार आहेत. मला त्यांच्यात राहायचंय. पण पाणी गार पडलंय, मला थोडा दम्याचा त्रास आहे आणि आई रोज फोनवर सांगते, 'एप्रिलपर्यंत थांब.' थांबू का?

उत्तर : थांबू नका. पण के-वनमध्ये मात्र मेपर्यंत बसू नका.

मीही याच थेम्स नदीवर शिकले आणि पहिल्याच हिवाळ्यात अरुंद होडीचा हट्ट धरला. जानेवारीतली सकाळ होती, नदी संथ होती, तरी उलटले. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मी, पाण्याची भीती कधी वाटली नव्हती. इथे मात्र डोकं वर येताच छातीने आपोआप मोठा श्वास ओढला, मग दुसरा, मग तिसरा. श्वास माझ्या हातात राहिलाच नाही. हातभर अंतरावर असलेली होडी धरायचंही सुचेना.

हा थंडीचा धक्का. पाणी 15 अंशांच्या खाली गेलं की तो बसतो, आणि हिवाळ्यातली थेम्स त्याच्या कितीतरी खाली असते. पोहणं चांगलं येतं म्हणून तो टळत नाही. शिकवणारे एक-दहा-एक असा हिशेब सांगतात : श्वास ताब्यात यायला साधारण एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणून पडल्यावर पहिलं मिनिट काहीच करू नका. तरंगतं जाकीट अंगात असेलच. होडीला धरून तोंड पाण्याबाहेर ठेवा, श्वास बसू द्या, मग किनारा गाठा. होडीत परत चढायच्या फंदात पडू नका. आणि किनारा दहा मिनिटांच्या आत गाठता यायला हवा, म्हणजे सराव काठाकाठानेच आणि कुणीतरी सोबत असतानाच.

दम्याचं हलक्यात घेऊ नका. डॉक्टरांना 'हिवाळ्यात व्यायाम करते' एवढंच सांगू नका. 'थंड पाण्यात पडू शकते' असं स्पष्ट सांगून विचारा. त्यांनी नको म्हटलं, तर आईंचं ऐका. हो म्हटलं, तर पंप जलरोधक पिशवीत घालून अंगावरच ठेवा.

आता के-वन का नको ते सांगते. पाण्यावर तिची रुंदी जेमतेम 40 सेंमीच्या आसपास. ती तोल धरते तुमच्या सैल कमरेवर. पडायची धास्ती आणि गारठा मिळून कंबर आखडते, डोळे पाण्यात खिळतात, वल्हं अडखळतं आणि होडी उलटते. मग पुढच्या वेळी धास्ती दुप्पट. हिवाळाभर असं केलंत तर आखडणंच अंगवळणी पडेल.

त्याऐवजी रुंद होडीत पायाचा जोर शिका. उजवीकडे वल्हं पाण्यात रोवताना उजवा पाय पुढच्या फळीवर दाबायचा, त्याच बाजूचं कुल्लं मागे सरकू द्यायचं आणि ओढ पाठीतून घ्यायची, दंडातून नव्हे. हे जमायला महिने लागतात, आणि तोल सांभाळायच्या गडबडीत ते शिकताच येत नाही. मंडळींबरोबर राहायचं असेल तर के-टूमध्ये, म्हणजे दोघांच्या कयाकमध्ये, एखाद्या मुरलेल्या वल्हेकऱ्याच्या मागे बसा. सुकाणू पुढच्याच्या पायात असतं, तुम्ही फक्त त्याची लय पकडायची. माझी कंबर अशीच सैल झाली.

ती शर्यत मात्र यंदा नको. 125 मैल, वाटेत होडी उचलून न्यायच्या 77 जागा. तिथे पुढच्या वर्षी जा. यंदा काठावरून सोबत्यांना खाऊपाणी पुरवा, बरंच शिकायला मिळेल.

कपड्यांत सुती काही नको, आतली बनियनसुद्धा. ते भिजलं की अंगाला चिकटून ऊब शोषतं. लोकर किंवा पॉलिएस्टर घाला, वरून वारा अडवणारं जॅकेट. हातमोज्यांनी वल्ह्याची पकड कळेनाशी होते. त्याऐवजी दांड्यावर बसवायच्या पोगी, म्हणजे हात आत घालायच्या खोळी, घ्या, त्यांत तळवा उघडाच दांड्यावर राहतो. काठावर कोरडे कपडे आणि टोपी हाताशी ठेवा. पडलात तर आधी कपडे बदला, मग गोड गरम चहा. काकडणं थांबेपर्यंत गाडी चालवू नका. बाहेर आल्यावर काही वेळ ते वाढतं.

निघण्यापूर्वी लॉकवरची, म्हणजे होड्या वरखाली नेणाऱ्या नदीतल्या दरवाजांजवळची, पाटी बघा. लाल पाटी म्हणजे प्रवाह जोराचा, त्या दिवशी नदीवर जायचंच नाही. पिवळी असेल तर नवख्यांनी थांबावं. अशा दिवशी केनेट-एव्हन कालव्याचा एखादा संथ टप्पा क्लबाला विचारून गाठा. पाण्यावर बर्फाची साय धरली असेल तर तोही नको. त्या दिवशी घरी खुर्चीत बसून, हातात काठी घेऊन, कमरेतून वळायचा सराव करा. आणि आईंना फोन करून सांगा, आज मी कोरडी आहे.